आबाजींचे दोन पेपर

दारव्ह्याच्या घरी आबाजी दोन पेपर घेत. एक काँग्रेसवाल्यांचा, दुसरा संघवाल्यांचा. नागपूरची एस.टी. आली की पोऱ्या दोन्ही ओसरीवर फेकून जाई. गुळाच्या चहात शिळ्या भाकरीचा कुटका बुडवत आबाजी वाचायला बसत. “एकच बातमी दोनदा काहून विकत घेता?” आजी रोज विचारी.

पेपरांची कुळी त्यांना पाठ होती. ‘लोकमत’ हे नाव लोकमान्यांनी दिलेलं, १९१८ साली, बापूजी अण्यांच्या काळातल्या यवतमाळच्या साप्ताहिकाला. स्वातंत्र्यानंतर ते जवाहरलाल दर्डांनी पुन्हा उभं केलं आणि १९७१ च्या डिसेंबरात नागपुरात दैनिक केलं. दर्डा काँग्रेसचे, पुढं मंत्रीही झाले. ‘तरुण भारत’ संघविचाराचा, त्याचे संपादक होते माडखोलकर. “सोयरीक करताना घराणं पाह्यतो का नाही? पेपराचंबी पाह्याव,” असं काहीसं आबाजी म्हणत.

१९७७ चा मार्च मला अर्धवटच आठवतो. अंगणात कुरडया वाळत होत्या, कावळे हाकलायचं काम माझ्याकडं. देशात इंदिराबाई हरल्या, विदर्भानं मात्र काँग्रेसला तारलं. निकालाच्या सकाळी म्हणे एका पेपरात दिल्ली एवढ्या मोठ्या टायपात, की विदर्भ आतल्या पानावर शोधावा लागला. दुसऱ्यात नेमकं उलटं. नावं घेत नाही, आबाजीही घेत नसत. “खोटं कोनीच नाही लिवलं,” ते म्हणाले, “फक्त मोठा टाइप कुठं लावला ते पाह्य.”

सभेच्या गर्दीचा आकडा तर ते दोन्ही पेपरांतला सोडून देत. विदर्भवादी जांबुवंतराव धोट्यांची सभा असो की आणखी कोणाची, दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या शेंगावाल्याला गाठायचं. “किती पायल्या खपल्या?” चार म्हणाला की मान डोलावून घरी. (आजीच्या मते हे सगळं फुकट शेंगा खाण्यासाठी. तेही असेल.)

वाचून झालेले पेपर आजी फडताळात अंथरी. ती गेल्यावर आम्ही फडताळ रिकामं केलं, तेव्हा तळाशी एक पान निघालं. लोणच्याच्या तेलानं पिवळं पडलेलं, वरची नावाची पट्टी उंदरांनी कुरतडलेली. थोरला भाऊ म्हणाला, कोणता पेपर कळत नाही.

मी मथळा वाचला आणि सांगितलं.