निवडणुका आणि वृत्तमाध्यमे (भारतातील)

निवडणूककाळात वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि आंतरजाल यांनी पाळावयाच्या मर्यादा, त्या घालून देणारे कायदे आणि त्यांसंबंधी झालेला सार्वजनिक वाद यांचा अंतर्भाव या विषयात होतो. मतदाराला माहिती पुरविणे हे वृत्तमाध्यमांचे कार्य होय. परंतु तीच माहिती खोटी वा पैसे देऊन छापविलेली असेल, तर मतदानाचा हक्क शाबूत राहूनही त्यामागील निवड दूषित होते. या प्रश्नाच्या मुळाशी संविधानातील एक पेच आहे. अनुच्छेद १९ (१) (क) अन्वये अभिव्यक्तिस्वातंत्र्य मिळते व त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणे अनुच्छेद १९ (२) मध्ये मोजून दिली आहेत. त्यांत निवडणुकीच्या शुचितेचा स्वतंत्र उल्लेख नाही. दुसरीकडे अनुच्छेद ३२४ अन्वये निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण निवडणूक आयोगाकडे सोपविलेले आहे. या अधिकाराच्या बळावर आयोग वृत्तमाध्यमांना कोठवर आवरू शकतो, हा वादाचा मुख्य विषय राहिला.

प्रारंभीचे कायदे : माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२० च्या अधिनियमाने भारतीय दंडसंहितेत निवडणूकविषयक अपराधांचे प्रकरण घालण्यात आले. लाचलुचपत, गैरवाजवी दडपण व तोतयेगिरी यांच्या जोडीला उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटे विधान करणे हाही अपराध ठरला. दंडसंहितेची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ (४) ने अशा विधानाला भ्रष्ट आचरण ठरविले. उमेदवार किंवा त्याच्या संमतीने अन्य कोणी ते केल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. मात्र हे कलम वैयक्तिक चारित्र्य वा वर्तन यांविषयीच्या खोट्या विधानांपुरते आहे. धोरणांवरील कठोर टीका त्याच्या कक्षेत येत नाही. १९६१ मध्ये कलम १२७ क घालून प्रचारपत्रकांवर मुद्रक व प्रकाशक यांची नावे देणे बंधनकारक करण्यात आले. निनावी आरोपांना आळा घालणे हा त्याचा उद्देश होता.

वृत्तपत्रांची आचारनीती : न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने (१९५२–५४) वृत्तपत्रांच्या दर्जाची राखण शासनाने न करता स्वायत्त परिषदेने करावी, अशी शिफारस केली. त्यानुसार १९६५ च्या अधिनियमान्वये १९६६ मध्ये वृत्तपत्र परिषद स्थापन झाली, न्या. ज. रा. मुधोळकर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. आणीबाणीत परिषद बरखास्त झाली आणि आक्षेपार्ह मजकुरास प्रतिबंध करणारा कायदा १९७६ मध्ये करण्यात आला. तो १९७७ मध्ये निरसित झाला. १९७७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत राजकीय पक्षांना आकाशवाणी व दूरदर्शनवर प्रचारासाठी वेळ देण्याची प्रथा सुरू झाली. १९७८ च्या अधिनियमाने परिषदेचे पुनरुज्जीवन केले. तथापि ताकीद देणे, कानउघाडणी करणे वा निषेध नोंदविणे यांपलीकडे तिला अधिकार नाहीत व तिची कक्षा मुद्रित माध्यमापुरतीच आहे.

दूरचित्रवाणी व मतचाचण्या : खासगी वाहिन्यांमुळे १९९० नंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत सभांना मनाई करणाऱ्या कलम १२६ चा विस्तार १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवरील प्रचारापर्यंत झाला. वृत्तपत्रे मात्र बाहेर राहिली. परिणामी जो प्रचार त्या अवधीत पडद्यावर निषिद्ध, तोच मतदानाच्या दिवशी सकाळी जाहिरातीच्या रूपाने छापून येऊ शकतो. आयोगाने १९९८ मध्ये मतचाचण्यांच्या प्रसिद्धीवर निर्बंध घातले. परंतु वृत्तमाध्यमांवर ते लादण्याचा अधिकार आयोगास नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनास आणल्यावर १९९९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. अखेर २००९ च्या दुरुस्तीने कलम १२६ क अन्वये मतदानोत्तर चाचण्यांच्या प्रसिद्धीवर कालबद्ध बंदी आली. ती फेब्रुवारी २०१० पासून अंमलात आहे. आयोगाच्या आदेशाला जे साधले नाही ते संसदेच्या कायद्याने साधले, हे या प्रकरणाचे तात्पर्य होय.

मोबदला घेऊन छापलेल्या बातम्या : २००९ च्या लोकसभा व महाराष्ट्र विधानसभा निवडणुकांत उमेदवारांची स्तुती करणारा मजकूर पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापल्याचे आरोप झाले. पत्रकार पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातील प्रकार उजेडात आणले. वृत्तपत्र परिषदेच्या द्विसदस्य उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल सादर केला. परिषदेने प्रथम त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला व मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर खुला झाला. या व्यवहारात वाचकाची फसवणूक होते, तसेच खर्च हिशेबात न दाखविल्याने कायद्याने ठरविलेली खर्चमर्यादाही निरर्थक होते. ऑक्टोबर २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना याच कारणावरून आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या प्रकरणात उमेदवाराच्या हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा आयोगाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये मान्य केला. मात्र त्यानंतर चव्हाण यांच्याविरुद्ध आयोगाने दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केला. मोबदल्याच्या बातम्या हा स्वतंत्र निवडणूक-अपराध मानावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये २५५ व्या अहवालात केली.

मूल्यमापन : उमेदवाराची पार्श्वभूमी जाणण्याचा मतदाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००२ व २००३ च्या निर्णयांत अनुच्छेद १९ (१) (क) मध्येच अंतर्भूत मानला. त्यामुळे वादाला नवे परिमाण लाभले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे बोलणाऱ्याचे तसेच ऐकणाऱ्याचेही ठरले, आणि मतदाराला फसविणाऱ्या मजकुराला त्याच स्वातंत्र्याचा आसरा देणे तर्कदृष्ट्या अवघड झाले. तथापि सत्यासत्याचा निवाडा शासनाच्या हाती गेल्यास काय घडते, हे आणीबाणीने दाखविले आहे. म्हणून शासकीय नियंत्रणाऐवजी पैशाच्या व्यवहाराची सक्तीची उघडीक आणि स्वायत्त संस्थांना पुरेसे अधिकार, हे मार्ग अधिक सुरक्षित होत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी समाजमाध्यम कंपन्यांनी ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली. परंतु केवळ स्वेच्छेवर विसंबणारी बंधने कितपत टिकतात, याचा वृत्तपत्र परिषदेच्या इतिहासातून येणारा अनुभव फारसा आशादायक नाही.