बाजार, जत्रा आणि पडदा : धारणी परिसरातील चित्रपट पाहण्याच्या रीती

धारणी हे अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, सातपुड्याच्या मेळघाटात तापीच्या खोऱ्यात वसलेले तालुक्याचे गाव. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा घाट ओलांडून इथे पोचायला सुमारे दीडशे किलोमीटर पडतात. मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर आणि खंडवा त्या मानाने बरेच जवळ. तालुक्यात मोठी वस्ती कोरकूंची. घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळा-कचेरीत मराठी असा तीन भाषांचा व्यवहार इथे रोज चालतो. चित्रपट पाहण्याची इथली रीत या भूगोलाने घडवली. शहरातल्या माणसाला पिच्चर म्हणजे काम संपल्यावरची तीन तासांची करमणूक. डोंगरातल्या गावाला त्यासाठी घर सोडून निघावे लागे. म्हणून पिच्चर बाजाराच्या दिवसाला, जत्रेला आणि हाती आलेल्या मजुरीला जोडला गेला.

पडद्याआधीच्या रात्री

चित्रपट येण्याआधीही रात्र जागवून खेळ पाहण्याची सवय या भागाला होती. कोरकूंचा गादली-सुसुन हा नाच, होळीतली मेघनाथाची पूजा आणि वाटसरूंकडून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागण्याची चाल हे सगळे सोहळे अख्ख्या गावाचे असतात. दिवाळीनंतर मेळघाटातल्या बाजाराच्या गावी घुंगरू बाजार भरतो. गुरे राखणारा थाट्या समाज घुंगरू बांधून, बासरीच्या सुरावर बाजारात नाचतो. खाली वऱ्हाडच्या सपाटीवर खडी गंमत, तमाशा, भजन आणि कीर्तन होते. गाडगेबाबांच्या कीर्तनाला रात्री माणसांचा समुद्र लोटे.

या खेळांनी प्रेक्षकाला काही सवयी लावल्या. जमिनीवर घोंगडी टाकून बसायचे, बायकांनी एका बाजूला आणि पुरुषांनी दुसऱ्या बाजूला बसायचे, भाकरी बांधून आणायची, लेकरे मांडीवर निजवायची, आवडलेल्या जागी मोकळेपणाने दाद द्यायची आणि उजाडल्यावर वाट धरायची. पुढे तंबूतला सिनेमा आला तेव्हा तो पाहणाऱ्यांनी याच सवयी सोबत नेल्या.

तंबू आणि टाकीज

मुंबईत ल्युमिए बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी कोरोनेशन चित्रगृहात लागला. शहराबाहेर चित्रपट नेला तो फिरत्या तंबूंनी. अब्दुलअली युसुफअली यांच्यासारखे खेळवाले विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तंबू, यंत्र आणि फिल्मच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरत. सुमारे 100 फूट लांब आणि 50 फूट रुंद अशा त्यांच्या तंबूत हजारभर माणसे मावत. फाळके यांचे चित्रपटही बैलगाडीतून खेड्यापाड्यांत पोचले. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या वाचून सांगणारा माणूस आणि पेटी-तबल्याची साथ असे. वाचता न येणाऱ्या प्रेक्षकाला कथा त्या सांगणाऱ्याच्या तोंडून कळे.

14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’ आला आणि चित्र बोलू लागले. बोलपटाचे ‘टॉकी’ हे नाव वऱ्हाडात चित्रगृहालाच चिकटले. आजही वऱ्हाडी माणूस चित्रगृहाला टाकीज म्हणतो आणि चित्रपटाला पिच्चर.

वऱ्हाड 1956 पर्यंत आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. त्यानंतर तो मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. चित्रपटाच्या धंद्यात मात्र जुना प्रांत नाव टिकवून राहिला. वितरणाच्या नकाशावर हा मुलूख ‘सी.पी. बेरार’ याच नावाने ओळखला जातो. अमरावती ही त्याची मोठी पेठ, तर या भागातल्या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे मुख्य ठाणे भुसावळ. फिल्मच्या पेट्या या पेठांमधून रेल्वेने आणि एसटीने सुटत. मोठ्या शहरांत खेळून झालेला चित्रपट तालुक्याच्या गावी आणि तिथून तंबूत उतरायला महिने, कधी वर्षेही लागत. तोवर रिळांवर चरे पडलेले, तुटलेले तुकडे सांधलेले असत. खेड्यातल्या प्रेक्षकाला चित्रपट बहुधा असा झिजलेल्या रूपातच भेटला.

जत्रेतला पिच्चर

टूरिंग टाकीजचे, म्हणजे फिरत्या तंबूतल्या सिनेमाचे, वर्ष जत्रांच्या पंचांगावर चाले. पावसाळ्यात तंबू गुंडाळलेला असे. पिके घरात आली, हातात पैसा आला की खेळ सुरू होत आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत चालत. सातपुड्याच्या पायथ्याची बहिरमची यात्रा या पंचांगातला मोठा मुक्काम. चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून मध्य प्रदेशाकडे जाणाऱ्या वाटेवर डिसेंबरच्या उत्तरार्धात भरणारी ही यात्रा महिनाभराहून अधिक चाले. हंडीतले मटण, रोडगे, राहुट्या, पाळणे, तमाशाचे फड आणि टूरिंग टाकीजचे तंबू ही तिची जुनी ओळख. डोंगरातले आणि सपाटीवरचे लोक इथे एकत्र येत.

यात्रेतला चित्रपट पाहण्याचा एक ठरलेला क्रम असे. दुपारपासून कर्ण्यावर गाणी लागत आणि रिक्षातून किंवा बैलगाडीतून पुकारा होई. रंगीत पोस्टरासमोर उभे राहून लोक मारामारी किती, गाणी किती याचा अंदाज बांधत. अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे, कारण कनातीच्या फटींतून येणारा उजेड चित्र पुसून टाकी. यंत्र चालवणारा आधी यंत्राला उदबत्ती ओवाळी. हंगामाच्या पहिल्या खेळाला नारळ फुटे. दसऱ्याला शेतकरी औताची आणि कारागीर हत्यारांची पूजा करतो, तसा हा मान प्रोजेक्टरला मिळे.

पडद्यावर पहिले येई ते सेन्सॉरचे प्रमाणपत्र. त्यावरचा रिळांचा आकडा वाचण्याची सवय देशभरच्या प्रेक्षकांना होती. आकडा मोठा दिसला की शिट्ट्या वाजत, कारण पैसे वसूल होणार याची ती खात्री असे. तंबूत अनेकदा एकच यंत्र असे. मग प्रत्येक रीळ संपल्यावर दिवा लागे आणि दुसरे रीळ चढेपर्यंत थांबावे लागे. शहरात एक मध्यंतर, तर इथे अनेक. या थांब्यांत फल्लीदाणे, फुटाणे, चहा आणि विडी चाले, पाहिलेल्या भागावर बोलणे होई आणि हिंदी न समजणाऱ्या म्हाताऱ्यांना शेजारी बसलेला नातू गोष्ट सांगे. मूकपटातला सांगणारा माणूस असा बोलपटाच्या काळातही कुटुंबात जिवंत राहिला.

नाणी उधळण्याची रीत तमाशातल्या दौलतजादातून आली. आवडत्या गाण्याला पडद्यावर पैसे फेकले जात. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ (1971) आणि ‘पांडू हवालदार’ (1975) या चित्रपटांनी तमाशाचा प्रेक्षक तंबूत आणला. ‘माहेरची साडी’ने (1991) बायकांची गर्दी खेचली. हा चित्रपट पाहताना बायका पदराने डोळे पुसत. मोकळेपणाने, चारचौघींत रडता येणे हेच तिकिटाचे मोल होते.

देवाचा पडदा

पौराणिक आणि संतपटांच्या वेळी तंबूचे देऊळ होई. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि मुंबईत सलग वर्षभराहून अधिक चालला. खेड्यांत तो पाहायला येणारे वहाणा बाहेर काढून बसत आणि तुकोबा पडद्यावर आले की हात जोडत. 1975 च्या ‘जय संतोषी माँ’ने ही रीत देशभर पोचवली. बायका आरतीचे ताट घेऊन येत, पडद्यावर फुले आणि नाणी वाहत, शुक्रवारचा उपास करत. गूळ-चण्याचा प्रसाद चित्रगृहाच्या दारात वाटला जाई. राजदत्त यांचा ‘देवकीनंदन गोपाळा’ (1977) गाडगेबाबांच्या जीवनावरचा. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे आणि 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. ज्यांनी त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले होते अशा पिढीला या चित्रपटात आपल्या आठवणीतला माणूस पुन्हा भेटला. या प्रेक्षकाने चित्रपट आणि दर्शन यांत भिंत घातली नव्हती. मूर्तीपुढे जे करायचे ते त्याने पडद्यापुढे केले.

सरकारी गाडीचा खेळ

तिकिटाशिवाय चित्रपट पोचला तो सरकारी प्रसिद्धीच्या गाडीतून. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिचे वार्तापट आणि माहितीपट चित्रगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे सक्तीचे होते. पंचवार्षिक योजनांच्या प्रचारासाठी 1953 पासून फिरती पथके काम करू लागली. जीपमध्ये प्रोजेक्टर, पडदा आणि जनरेटर घालून ती वीज नसलेल्या गावांतही जात. शाळेच्या भिंतीवर किंवा दोन बांबूंमध्ये पडदा लागे. लसीकरण, कुटुंबनियोजन, सुधारित बियाणे यांवरचे लघुपट आधी आणि लोक शेवटपर्यंत थांबावेत म्हणून एखादा कथापट नंतर, असा बेत असे. मेळघाटासारख्या विखुरलेल्या पाड्यांच्या भागात अशा खेळाचा उपयोग मोठा, कारण छापील पत्रक वाचणारे थोडे आणि रस्ते पावसाळ्यात बंद. पडद्याच्या मागल्या बाजूलाही माणसे बसत. त्यांना चित्र उलटे दिसे, पण आवाज तोच असे.

खंडवा-बऱ्हाणपूरची वाट

धारणीचा बाजार उत्तरेकडे उघडतो. तापीच्या पलीकडच्या गावांत कोरकूंची सोयरीक आहे आणि मजुरीची वाटही बऱ्हाणपूरकडे जाते. अकोला–खंडवा मीटरगेज गाडी मेळघाटातून धावे आणि धूळघाट हे तिचे स्थानक धारणी तालुक्यातच होते. 2017 मध्ये गेज बदलाच्या कामासाठी या मार्गावरची वाहतूक थांबली आणि जंगलातून जाणारी ही सोय संपली.

हिंदी चित्रपटाशी असलेले इथले नाते या वाटेने घट्ट केले. अशोक कुमार यांचे घर खंडव्याचे आणि किशोर कुमार यांचा जन्म 4 ऑगस्ट 1929 रोजी खंडव्यातच झाला. ते स्वतःला अभिमानाने खंडवेवाला म्हणवून घेत. 13 ऑक्टोबर 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यावर अंत्यसंस्कार खंडव्यातच झाले. मराठी राज्याच्या सीमेवरच्या तालुक्यात हिंदी पिच्चर परका वाटला नाही याचे कारण बाजारभाषा हिंदी होती हे तर आहेच. शिवाय पडद्यावरचा मोठा गायक बाजाराच्या वाटेवरच्या गावचा होता.

दिवाळीनंतर मेळघाटातली अनेक कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. मजुरीच्या गावी आठवड्याचा पगार झाला की बाजार आणि पिच्चर एकाच दिवशी उरकला जाई. गावी परतल्यावर पाहिलेल्या चित्रपटाची कथा ऐकवणे हाही एक सोहळा असे. एकाने पाहिलेला पिच्चर असा दहा जणांचा होई.

भाड्याचा व्हिडिओ आणि रविवारची सकाळ

1982 च्या एशियाडपासून रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हिडिओ खेडोपाडी पोचला. लग्न, बारसे, गणपती, नवरात्र अशा निमित्ताने वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणत. भाडे रात्रीचे असल्याने एका रात्रीत तीन-तीन चित्रपट लागत. कुणी झोपे, कुणी जागे राही, पण उजाडेपर्यंत यंत्र बंद होत नसे. वीज नसेल तिथे जनरेटर किंवा ट्रॅक्टरची बॅटरी कामी येई. रात्रभर जागण्याची जुनी सवय या नव्या यंत्राला सहज जुळली.

25 जानेवारी 1987 रोजी सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेने रविवारची सकाळ बांधून घेतली. ज्या घरी टीव्ही, त्या घरी अर्धी आळी जमे. लोक आंघोळ करून येत, संचाला हार घालत, उदबत्ती लावत. टूरिंग टाकीजला मात्र व्हिडिओ आणि टीव्हीचा फटका बसला. पुढे रिळे जाऊन चित्रपट संगणकावरून दाखवला जाऊ लागला आणि उरलेल्या तंबूवाल्यांना जुनी यंत्रे भंगारात काढावी लागली. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या फिरत्या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

हातातला पडदा

मोबाइल आल्यावर पडदा मुठीत मावला. आरंभी बाजारातल्या मोबाइल दुकानात काही रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. बाजाराच्या दिवशी कार्ड द्यायचे, खरेदी उरकायची आणि परतताना चित्रपट-गाणी घेऊन जायची. अशा रीतीने पिच्चर पुन्हा बाजारहाटाचाच भाग झाला. 2016 मध्ये धारणी तालुक्यातले हरिसाल ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले आणि त्याच वर्षी देशभर स्वस्त डेटा सुरू झाला. तरी जंगलातल्या अनेक गावांत नेटवर्क मिळवण्यासाठी टेकडीवर जावे लागते. तिथे मुलांचा घोळका एका फोनभोवती बसून पाहतो. फोन एकट्याचा असला तरी पाहणे अजून एकट्याचे झालेले नाही.

या शेवटच्या टप्प्याने एक गोष्ट नवी दिली. तंबूतल्या पडद्याने, व्हिडिओने आणि टीव्हीने मेळघाटाला हिंदी आणि मराठी ऐकवली. आता कोरकू गाणी आणि नाच यांचे व्हिडिओ मेळघाटातले आणि मध्य प्रदेशातले तरुण स्वतः चित्रित करतात. होळीला मजुरीवरून परतलेल्या घरांतल्या आज्या ते पाहतात. गोष्ट समजावून सांगायला त्यांना आता शेजारी नातू लागत नाही.