पीएम-जनमन : आदिम जमातींच्या वस्त्यांसाठी बारमाही रस्ते

योजना काय आहे?
रस्ता नसलेल्या वस्तीतून पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून न्यावे लागते. अशा वस्त्या बारमाही रस्त्याने जोडण्याचे काम १५ नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन अभियानात घेतले आहे. एकूण ८,००० कि.मी. रस्त्यांचे उद्दिष्ट आहे.

पात्रता
• देशातील ७५ आदिम जमातींची वस्ती (महाराष्ट्रात कातकरी, कोलाम, माडिया गोंड)
• लोकसंख्या किमान १००
• बारमाही रस्ता नसणे

तुम्ही काय करावे?
१. रस्त्यासाठी वैयक्तिक अर्ज नसतो. वस्तीचे नाव यादीत आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा.
२. नाव नसल्यास ग्रामसभेत ठराव करून त्याची प्रत जिल्ह्याच्या ग्रामसडक योजना कार्यालयात द्या व पोच घ्या.
३. वाट वनजमिनीतून जात असल्यास काम अडू शकते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते.

रस्ता खराब झाल्यास
पहिली ५ वर्षे देखभाल ठेकेदाराने करायची असते. फोटोसह तक्रार ‘मेरी सडक’ ॲपवर नोंदवा.