नकलेच्या बाजूने

उल्हासनगरात वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ओरिजिनल की डुप्लिकेट? ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हे वाक्य कॅम्प १ मध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला शहाडच्या पुढे गेलं की कुणीतरी ऐकवतंच. पण हाच प्रश्न बाखच्या संगीताला लावलेला मी परवा प्रथमच ऐकला. घरी त्याच्या ‘ब्रांडेनबुर्ग’ कॉन्सर्टोंचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. दहा-बारा वादकांचा लहानसा वाद्यवृंद होता आणि सगळी वाद्यं बरोक, म्हणजे बाखच्याच काळाच्या घडणीची होती. माझा एक जाणकार मित्र म्हणाला, ही वाद्यं जुनी नाहीतच, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कारखान्यात बनलेली आहेत. शेवटी ही नक्कलच, मग आजचा उत्तम पियानो काय वाईट?

हे मत त्याच्या एकट्याचं नाही. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत आवडीने ऐकणाऱ्या बहुतेकांचं ते आहे, म्हणून आधी ते पुऱ्या ताकदीनिशी मांडतो. वाद्यं सुधारत गेली, तेव्हा मागे जाण्यात अर्थ नाही. बाखला पियानो मिळाला असता तर त्याने तोच वापरला असता. खरी जुनी वाद्यं काचेच्या पेटीत आहेत आणि मंचावर आहेत त्या त्यांच्या प्रतिकृती. शिवाय ऐकणारे कान आजचे आहेत. या पक्षाला सर्वांत धारदार युक्तिवाद पुरवला तो अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ रिचर्ड तरस्किन यांनी. त्यांचं म्हणणं असं होतं की ‘अस्सल’ म्हणून जे वाजवलं जातं ती विसाव्या शतकाचीच अभिरुची आहे. चपळ, कोरडी, भावनेला बिचकणारी.

आता ‘अस्सल’ या शब्दापासूनच सुरुवात करू. व्हायोलिनं घडवणारा स्ट्राडिवारी १७३७ मध्ये इटलीतल्या क्रेमोनात वारला. त्याची व्हायोलिनं आज मोठमोठ्या सभागृहांत वाजतात आणि लोक त्यांना अस्सल समजतात. पण एकोणिसाव्या शतकात ही वाद्यं जवळजवळ सगळी उघडली गेली. मान लांब करून मागे कलती बसवली, पोटातली आधाराची पट्टी काढून अधिक जाड घातली, आणि पुढे आतड्याच्या तारांच्या जागी पोलादी तारा आल्या. मोठी सभागृहं भरायला मोठा आवाज हवा होता. गजही नवा आला. फ्रांस्वा तूर्तने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला आजचं रूप दिलं. जुना गज टोकाकडे हलका होत जाई, त्यामुळे प्रत्येक स्वर उमटून आपोआप विरत असे. नवा गज स्वर शेवटपर्यंत त्याच ताकदीने धरून ठेवतो. स्ट्राडिवारीच्या हातचं फारसं न बदललेलं वाद्य पाहायचं तर फ्लॉरेन्सला जावं लागतं. मेदिची घराण्यासाठी १६९० मध्ये केलेला मोठा व्हियोला तिथे संग्रहालयात आहे.

म्हणजे मंचावरचं ‘अस्सल’ वाद्य आतून बदललेलं आहे. आणि न बदललेल्या वाद्याची मापं घेऊन आज कुणी कारागीर नवं वाद्य घडवतो, त्याची मान आखूड, पट्टी बारीक, तारा आतड्याच्या, तेव्हा त्याची नक्कल स्ट्राडिवारीच्या कामाला त्या अस्सलापेक्षा जवळ असते. ओरिजिनल-डुप्लिकेटचा साधा हिशेब इथे चालत नाही.

हार्प्सिकॉर्डची गोष्ट याहून बोलकी आहे. या वाद्यात पट्टी दाबली की पिसाच्या काडीची नखी तार छेडते. सतारीतल्या मिझराबाचा आघात ओळखणाऱ्या कानाला हा आवाज परका वाटू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते बांधणं बंद पडलं. पुढे वादक वांदा लांदोव्स्काने विसाव्या शतकाच्या आरंभी ते वाद्य पुन्हा मंचावर आणलं, हे तिचे मोठे उपकार. पण तिच्यासाठी प्लेयेल या पियानो-कंपनीने केलेलं वाद्य पियानोच्या वळणाचं होतं. ते जड होतं, जाड तारांचं होतं, ‘सुधारलेलं’ होतं. आवाज मात्र घुसमटलेला निघाला. मग १९४९ मध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड या दोघांनी बॉस्टनमध्ये कार्यशाळा काढली. (त्याच वर्षी ८ ऑगस्टला राजगोपालाचारींनी कल्याणच्या लष्करी छावणीतल्या निर्वासित वसाहतीची कोनशिला बसवली आणि तिचं नाव उल्हासनगर झालं. दोन गोष्टींचा संबंध नाही, तरी मला हा योग सोडवत नाही.) हबर्ड आणि डाउड यांनी सुधारणा बाजूला ठेवल्या. संग्रहालयांतल्या जुन्या वाद्यांची मापं घेतली, लाकडाच्या फळ्या तशाच पातळ ठेवल्या, आणि जुन्यांनी केलं तेच मुकाट्याने केलं. वाद्य बोलू लागलं. सुधारणा करणाऱ्यांना न कळलेली गोष्ट नक्कल करणाऱ्यांना कळली, ती अशी : जुना कारागीर अडाणी नव्हता आणि फळीच्या पातळपणाला कारण होतं.

माझ्या मते नकलेचं खरं काम ते हेच. हाताने जसंच्या तसं करून पाहिल्याशिवाय काही गोष्टी डोक्यात शिरत नाहीत. माझ्या गावातल्या शिवणयंत्रावर बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. जीन्सचा तुकडा उसवून, त्याची शिवण पाहून जो शिकला आहे, त्याच्या शिक्षणाला मी फसवणूक म्हणणार नाही. खोटं लेबल लावणं ही फसवणूक आहे, आणि त्याचा मी इथे बचाव करत नाही.

‘बाखने पियानोच वापरला असता’ या युक्तिवादाचं उत्तर ‘ब्रांडेनबुर्ग’मध्येच मिळतं. या सहा कॉन्सर्टोंच्या हस्तलिखितावर मार्च १७२१ ची तारीख आहे. दुसऱ्या कॉन्सर्टोत मुख्य वादक चार : तुतारी (ट्रम्पेट), रेकॉर्डर म्हणजे लाकडी बासरी, ओबो आणि व्हायोलिन. आजच्या भारी ट्रम्पेटपुढे ती बासरी बुडून जाते, आणि वाटतं की बाखचा तोल चुकला. बिनकळीची, लांब नळीची जुनी तुतारी आणली की चौघं एका पातळीवर बोलू लागतात. बाख चुकला नव्हता, वाद्य चुकलं होतं. त्याने काय वापरलं ‘असतं’ हे कुणी सांगू शकत नाही. त्याने हातातल्या वाद्यांसाठी काय लिहिलं ते मात्र कागदावर आहे.

तरस्किन यांचं म्हणणं मी बरंचसं मान्य करतो. जुन्या घडणीच्या वाद्यांवर वाजवण्याच्या या चळवळीत काही गोष्टी सोयीच्याच आहेत. स्वराची आजची प्रमाण पट्टी ४४० हर्ट्झ, तर बरोक वाद्यवृंद ४१५ ला, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली लावतात. पण त्या काळी एक पट्टी नव्हतीच. गावागणिक ती वेगळी असे, आणि एकाच गावात चर्चचा ऑर्गन व दरबारी वाद्यं यांच्या पट्ट्या जुळत नसत. ४१५ हा आजच्या वादकांनी आपसांत केलेला करार आहे. जुन्या धाटणीच्या बऱ्याच तुताऱ्यांनाही स्वर सावरायला छोटी भोकं पाडलेली असतात, ती बाखच्या तुतारीला नव्हती. हे उघड सांगावं, लपवू नये. जुना आवाज पुरता परत मिळत नाही, हेही खरं. अंबरनाथच्या शिवालयाचं वय तिथल्या शके ९८२ च्या लेखावरून कळतं. त्या देवळात तेव्हा मृदंग कसा वाजला हे कुणालाच ऐकता येणार नाही. पण पूर्ण सत्य मिळत नाही म्हणून हाती लागतं तेवढंही टाकून द्या, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. कान आजचा असला तरी त्याच्यावर पडणारा आवाज बदलला की कानही थोडा बदलतो.

आता आपल्या घरात येऊ. मिरजेत आज बनलेला तंबोरा पाहून कुणी ‘डुप्लिकेट’ म्हणत नाही. तोही आधीच्या तंबोऱ्याची नक्कलच असते : तसाच भोपळा, तशीच घोडी, तशीच जवारी. तिथली साखळी तुटलेली नाही, म्हणून आपण तिला परंपरा म्हणतो, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हार्प्सिकॉर्डची साखळी तुटली होती. तुटलेल्या जागी जे करावं लागतं त्याला नक्कल म्हणतात, इतकाच दोहोंतला फरक.

तुटू पाहणारी एक साखळी आपल्याकडेही आहे. बालगंधर्वांच्या गाण्यामागे असे तो पायाने चालवायचा ऑर्गन. त्यात भात्याने हवा आत ओढली जाते, तर हातपेटीत ती स्वरपट्ट्यांतून बाहेर ढकलली जाते. ऑर्गनचा आवाज म्हणून गोल आणि दीर्घ येतो, आणि गायकाच्या खाली अंथरल्यासारखा राहतो. जुनी नाट्यपदं हातपेटीवर किंवा विजेच्या की-बोर्डवर वाजतात तेव्हा ती जागा रिकामी राहते. हे ऑर्गन परदेशातून येत, आणि आता येत नाहीत. उरलेले वाड्यांत, शाळांत, नाट्यसंस्थांच्या अडगळीत आहेत. कुठे भाता फाटलेला, कुठे पितळी पट्ट्या गेलेल्या.

तुमच्या ओळखीत असा एखादा ऑर्गन असेल तर तो भंगारात देऊ नका. आधी तो उघडा, फोटो काढा, प्रत्येक फळीचं आणि प्रत्येक पट्टीचं माप लिहून ठेवा. नंतर एखाद्या चांगल्या सुताराला बोलावून त्याची नक्कल करून मागा. उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात असे हात पुष्कळ आहेत.