डोकी मोजायची की वाटा? : आरोग्य खात्याचे अग्रक्रम आणि रत्नागिरी

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे. सरकारचं आरोग्य खातं योजना आखतं तेव्हा आधी काय आणि नंतर काय, हे कशावरून ठरवतं? यावर साधारण दोन उत्तरं मिळतात. सरकारी अहवाल म्हणतो, गरजेवरून. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणतो, राजकारणावरून. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक खोड जडली आहे. कुणी ‘गरज’ म्हटलं की आम्ही विचारतो, ती मोजली कशानं? भात पायलीनं मोजतात, कापड मीटरनं. आरोग्याची गरज मोजायला सरकारनं कोणतं माप घेतलं, ते माप कधी बदललं, आणि त्या मापात आपला रत्नागिरी जिल्हा कसा दिसला, एवढंच आज पाहू.

सुरुवात १८९६ पासून करू. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. शहर भराभर रिकामं होऊ लागलं. गिरण्यांतल्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं सर्वांत जास्त. ती आगबोटींनी, पडावांनी गावाकडे निघाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारनं साथरोग कायदा केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा आहे, वाचायला पाच मिनिटं पुरतात. त्यात सरकारला प्रवासी तपासण्याचा, आजारी किंवा संशयित माणसाला वेगळं ठेवण्याचा, जहाज अडवण्याचा अधिकार आहे. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे. शेवटच्या कलमात अधिकाऱ्याला संरक्षणही आहे. नाही ते एकच: रुग्णावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं एकही वाक्य त्या कायद्यात नाही.

हा विसरभोळेपणा नव्हता. त्या काळच्या खात्याचं माप होतं धोका. रोग बंदरातून बाहेर गेला तर व्यापार बुडतो, छावणीत शिरला तर फौज जाते. म्हणून बंदर, छावणी, तुरुंग ही ठिकाणं आधी. आपल्या रत्नागिरीत त्या काळच्या आरोग्याच्या ठळक खुणा कोणत्या? १८७० च्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं कुष्ठरुग्णालय आणि १८८६ मधलं मनोरुग्णालय. दोन्ही ठिकाणी अनेकांना आधार मिळाला, हे मान्यच आहे. पण दोन्हींची मूळ कल्पना माणसाला समाजापासून बाजूला ठेवण्याची होती. वाडीवर तापानं फणफणलेला शेतकरी कुणाला धोकादायक नव्हता, म्हणून तो खात्याच्या नजरेतही नव्हता.

दुसरं माप आलं ते भोर समितीबरोबर. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे. १९४६ च्या अहवालात समितीनं एक तत्त्व मांडलं, ते आजही डोळे दिपवणारं आहे: पैसे नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहता कामा नये, आणि आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तितकी जवळ असली पाहिजे. दूरची योजना अशी, की दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचं प्राथमिक केंद्र असावं. ते लगेच जमणार नाही, म्हणून तूर्त ४० हजारांमागे एक छोटं केंद्र. इथे माप बदललं. धोक्याच्या जागी माणूस आला. ही फार मोठी गोष्ट होती, आणि ती मोठीच मानली पाहिजे.

प्रत्यक्षात १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमात केंद्रं निघाली ती एका विकास गटाला एक, म्हणजे साठ-सत्तर हजार किंवा त्याहूनही जास्त लोकांमागे. भोरांनी ‘तूर्त’ म्हणून सांगितलेलंही हाती आलं नाही. कारण दरम्यान तिसरं माप शिरलं होतं: मोहीम. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रण आणि १९५८ मध्ये निर्मूलन. घराघराच्या भिंतींवर डीडीटीचे पट्टे ज्यांनी पाहिले, ते आज आमच्या वयाचे आहेत. यश डोळ्यांत भरणारं होतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्ण एक लाखावर आले. आणि १९७६ मध्ये? पुन्हा ६४ लाख. डासांनी डीडीटी पचवलं, हे एक कारण. दुसरं असं, की फवारणीची फौज मागे हटल्यावर रोज ताप बघणारं, रक्त तपासणारं गावातलं केंद्र पुरेसं उभंच नव्हतं. मोहीम संपते, ताप संपत नाही.

याच काळात कुटुंब नियोजनाची टार्गेटं आली. नर्सबाई, शिक्षक, तलाठी सगळ्यांना ‘केसेस’ आणायला लावलं गेलं. १९७६ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही. टार्गेटची पद्धत अधिकृतपणे थांबली ती १९९६ मध्ये. नर्सबाईंकडे लोक पुढे कितीतरी वर्षं संशयानं पाहत राहिले, त्याची मुळं इथे आहेत.

आता आपण आज चालू असलेल्या मापाकडे येऊ. सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र. डोंगरी, आदिवासी भागात २० हजार आणि ३ हजार. दिसायला हे न्याय्य आहे. प्रत्येक डोकं सारखं. पण हे माप कोकणात लावून बघा.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला १९७, महाराष्ट्राची ३६५. म्हणजे राज्याच्या सरासरीनं, शहरं धरून, ३० हजार माणसं सुमारे ८२ चौरस किलोमीटरमध्ये मावतात. आपल्याकडे तेवढीच माणसं सुमारे १५२ चौरस किलोमीटरवर पसरलेली. त्यातही देशावरच्या गावासारखं एकगठ्ठा गावठाण इथे नाही. एका महसुली गावाच्या दहा-बारा वाड्या. एक सड्यावर, एक पऱ्ह्यापलीकडे, एक खाडीकाठी. मध्ये पाखाडी, साकव आणि तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस.

दुसरा हिशेब याहून बोचरा आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी. ३० हजारांच्या मापानं कागदावर जवळजवळ तीन केंद्रांची गरज संपली! पण गेलं कोण? मुंबई-पुण्याला गेली ती हिंडती-फिरती, कमावती माणसं. मागे राहिली ती म्हातारी माणसं, बायका, मुलं. हजार पुरुषांमागे आपल्या जिल्ह्यात ११२२ स्त्रिया आहेत, राज्यात ९२९. हा आकडा सरकारी भाषणांत कौतुकानं सांगतात. त्यामागे बंद घरं आणि मनिऑर्डरी आहेत, ते सांगत नाहीत. ज्यांना दवाखाना सर्वांत जास्त लागतो ते मागे उरले, आणि डोकी कमी झाली म्हणून मापात गरजही कमी झाली.

इथे अमर्त्य सेन आठवतात. १९७९ मध्ये स्टॅनफर्डला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विचारलं होतं, समानता म्हणता, पण कशाची? दोन माणसांना सारखी वस्तू दिली, तरी दोघांना तिचा सारखा उपयोग करता येईलच असं नाही. तीस हजारांना एक केंद्र ही वस्तूंची समान वाटणी झाली. केंद्रापर्यंत पोचता येणं ही वेगळी गोष्ट आहे.

एक आठवण सांगतो. आमच्या लहानपणी शेजारच्या एका वहिनींना ऐन पावसात कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या. दवाखाना खाडीच्या पलीकडे. आमच्या अंगणातून त्याची कौलं दिसायची. चार गड्यांनी डोली केली, पाखाडी उतरून तरीवर नेलं. ओहोटी लागली होती. चिखलात होडी हलेना. भरतीची वाट बघत सगळे काठावर बसून राहिले. वहिनी वाचल्या, मूल गेलं. नकाशावर पट्टी ठेवली तर ते अंतर मैलभरही भरणार नाही. पण त्या दिवशी अंतर मैलात नव्हतंच, ते भरतीच्या वेळेत होतं. लोकसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात ती वेळ लिहायला रकाना नाही.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण शेजारच्या रायगड जिल्ह्यातलं. विंचूदंश हा कोकणातला जुना मारेकरी, पण कोणत्याही राष्ट्रीय अग्रक्रमात तो नव्हता. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं काही तासांत दगावतात, हे ते रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून पाहत आणि टिपत राहिले. पुढे त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपचार रूढ केला आणि अशा गंभीर रुग्णांतले मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यावर आले. त्यांच्या बुद्धीचं श्रेय त्यांना आहेच. पण एक गोष्ट लक्षात घ्या: रुग्ण तासा-दोन तासांत पोचेल अशा ठिकाणी केंद्र होतं, आणि केंद्रात डॉक्टर होता. म्हणूनच तो आजार दिसला. जिथे वाट पोचत नाही तिथले मृत्यू नोंदले जात नाहीत, आणि जे नोंदले जात नाही ते अग्रक्रमात येत नाही. हे चक्र आहे.

काहीच बदललं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानं सेवा माणसाच्या घराजवळ आणि कामाजवळ न्यायला सांगितलं. २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशाताई आल्या. त्या वाडीवर उंबऱ्यापर्यंत येतात. २०१४ पासून १०८ ची गाडी आली. आता रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. केंद्र सरकारनं डोंगराळ आणि वाळवंटी भागांसाठी ‘वस्तीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर उपकेंद्र’ हा निकषही तत्त्वतः मान्य केला आहे. म्हणजे वेळ हे माप सरकारी भाषेत आलं आहे. आपण मागतोय ते जगावेगळं नाही.

पण जुनी मापं जात नाहीत, ती खाली थर धरून बसतात. मार्च २०२० मध्ये राज्यानं कोणता कायदा लागू केला? तोच, १८९७ चा. चाकरमानी पुन्हा मुंबईहून निघाले, पुन्हा वाटेत तपासणी, पुन्हा गावाच्या वेशीवर वाद. शाळांत विलगीकरण झालं, ग्राम कृती दलांनी रात्री जागवल्या. तेव्हाच्या आणि आताच्या सरकारात मोठा फरक आहे. या वेळी लस मोफत मिळाली, उपचारही झाले. तरीसुद्धा संकट आल्याबरोबर हाताला पहिलं लागलं ते अडवण्याचं हत्यार. कारण उपचाराचं कर्तव्य सांगणारा तितकाच धारदार कायदा आपण १२३ वर्षांत केला नव्हता.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. सार्वजनिक आरोग्य हा आपल्या राज्यघटनेनं राज्यांकडे दिलेला विषय आहे. त्यामुळे माप बदलायला दिल्लीचीच वाट पाहायला हवी असं नाही. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणानं राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितलं. महाराष्ट्र त्यापासून बराच मागे आहे, आणि तो पैसा मागितलाच पाहिजे. पण पैसा वाढला आणि माप तेच राहिलं, तर तो दाट वस्तीकडेच वाहत जाईल. म्हणून प्रत्येक आराखड्यात लोकसंख्येच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत: भर पावसाळ्यात केंद्रापर्यंत पोचायला लागणारा वेळ, आणि वाडीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या.

जे ऐकत आहेत त्यांना, विशेषतः गणपतीत गावी जाणाऱ्यांना, एक काम सांगतो. आपल्या वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाबरोबर, त्याच्या चालीनं, उपकेंद्रापर्यंत चालत जा. घड्याळ लावा. दार उघडं होतं का, रक्तदाबाची गोळी मिळाली का, तेही टिपा. तो कागद ग्रामसभेत ठेवा आणि ठरावात लिहून घ्या. भोर समितीनं जे तत्त्व मांडलं, त्याचा हिशेब तिथून सुरू करता येईल.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.