हातभर कापडातले पॅरिस

बाहुलीचे कपडे हा आपल्याकडे इतिहासाचा विषय मानला जात नाही. शिंप्याकडून मागून आणलेल्या चिंध्या, त्यातून ठकीला नेसवलेले लुगडे, भातुकलीतल्या लग्नासाठी शिवलेली नवरीची चोळी हे सारे खेळ संपला की केरात जाते. पुरावा उरत नाही, म्हणून नोंद होत नाही. शिवणकामाच्या इतिहासाची टिपणे काढताना मला एक प्रकरण मात्र असे सापडले, की ज्यात बाहुल्यांचे कपडे हाच मुख्य पुरावा आहे. ते पॅरिसचे आहे, 1945 सालचे.

आधी पार्श्वभूमी पाहू. जून 1940 मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. उंची पोशाखांचा तिथला धंदा उचलून बर्लिन आणि व्हिएन्नाला न्यावा, असा जर्मनांचा बेत होता. पोशाख-व्यावसायिकांच्या संघटनेचे अध्यक्ष लुसियाँ लेलाँ यांनी तो हाणून पाडला. हा धंदा पॅरिसच्या कारागिरांवर उभा आहे, तो उपटून दुसरीकडे लावता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. धंदा पॅरिसमध्येच राहिला. पण कापडावर रेशनिंग आले आणि रेशीम पॅराशूटकडे गेले. 25 ऑगस्ट 1944 रोजी शहर मुक्त झाले, तेव्हा ना कोळसा होता, ना पुरेशी वीज, ना कापड. शिवणाऱ्या बायका तेवढ्या होत्या.

त्या हिवाळ्यात युद्धपीडितांसाठी निधी उभारायचे ठरले. त्याचबरोबर पॅरिस अजून शिवू शकते, हेही जगाला दाखवायचे होते. पण पूर्ण मापाच्या पोशाखांचे प्रदर्शन भरवायला कापड आणायचे कुठून? यातून बाहुल्यांची कल्पना निघाली आणि नीना रिच्ची यांचे चिरंजीव रॉबेर रिच्ची यांनी ती उचलून धरली. कल्पना अगदीच नवी नव्हती. फॅशनची छापील मासिके निघण्यापूर्वी, सतराव्या-अठराव्या शतकात, नवे पोशाख घातलेल्या बाहुल्याच पॅरिसहून परदेशी दरबारांत पाठवल्या जात.

एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने बाहुलीचे रेखाटन केले. जाँ सँ-मार्ताँ यांनी त्यावरून तारेचे सांगाडे वळले. तारच का, तर इतर सामग्री मिळण्याची मारामार होती. जोआन रेबुल या कॅटलन शिल्पकाराने प्लास्टरची डोकी घडवली. बाहुलीची उंची सुमारे 70 सेंटीमीटर, म्हणजे माणसाच्या साधारण एक-तृतीयांश. अशा दोनशेहून अधिक बाहुल्यांना बालेन्सियागा, स्कियापारेल्ली, लाँव्हाँ, बालमँ अशा पेढ्यांनी कपडे चढवले. लेलाँ यांच्या पेढीत तेव्हा क्रिस्तियाँ डिओर नोकरीला होते. त्यांची स्वतःची पेढी अजून निघायची होती.

मला शिवण येते, म्हणून इथे थोडा हिशेब मांडते. माप एक-तृतीयांश केले की लांबीही तिसरा हिस्सा होते आणि रुंदीही. म्हणजे कापड लागते नवव्या हिश्शाइतके. साडेचार मीटरचा झगा अर्ध्या मीटरमध्ये बसतो. पण मेहनत नवव्या हिश्शावर येत नाही. शिवण तिसऱ्या हिश्शाएवढी आखूड झाली, तरी टाकाही तितकाच बारीक घ्यावा लागतो. म्हणून टाक्यांची संख्या जवळपास तेवढीच राहते. शिवाय कापडाची जाडी काही कमी होत नाही. लोकरी कोटाच्या कॉलरचे टोक उलटवताना मोठ्या मापात जी जाडी सहज दबते, तीच लहान मापात गाठीसारखी फुगते. शिवणीत बोटभर माया ठेवायची सोय नसते, आणि माया कमी ठेवावी तर कापड उसवते. मोठ्या फुलांचे छापील कापड बाहुलीवर पडद्यासारखे दिसते. झुळझुळीत कापडसुद्धा छोट्या मापात वजनाअभावी नीट पडत नाही, त्याला उरेब कापून आणि आतून टाके घालून वळण लावावे लागते.

मला या प्रकरणाचे मर्म नेमके याच हिशेबात दिसते. पॅरिसजवळ जे नव्हते, ते कापड या मापाने वाचवले. आणि जे मुबलक होते, ते कसब सढळ हाताने खर्चले. नुसते मिरवायचे असते, तर वरवर टाके घालूनही भागले असते. पण या कपड्यांना खरी काजे आहेत, चालणारी बटणे आहेत, अस्तर आहे. हातमोजे, टोप्या, छत्र्या, बूट त्या त्या कारागिरांनी मापात केले. पर्समध्ये ठेवायच्या वस्तूसुद्धा केल्या.

मार्च 1945 मध्ये, युरोपात युद्ध अजून चालू असताना, लूव्र वाड्यातल्या शोभाकला संग्रहालयात ‘तेआत्र द ला मोद’, म्हणजे फॅशनची रंगभूमी, हे प्रदर्शन उघडले. क्रिस्तियाँ बेरार, जाँ कॉक्तो यांच्यासारख्यांनी नेपथ्य केले. सुमारे एक लाख लोकांनी ते पाहिले. पुढे ते लंडन, स्टॉकहोम, व्हिएन्ना करत 1946 मध्ये, नव्या मोसमाचे कपडे घालून, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोचले.

तिथे बाहुल्यांचा प्रवास थांबला. दागिने पॅरिसला परतले. बाहुल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या. 1952 मध्ये त्या वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयाला मिळाल्या. मूळ नेपथ्य नाहीसे झाले होते. 1980 च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष पुन्हा तिकडे गेले, बाहुल्या दुरुस्तीसाठी पॅरिसला नेल्या गेल्या आणि 1990 मध्ये नव्याने उभारलेल्या नेपथ्यासह तिथे पुन्हा मांडल्या गेल्या. आज त्या मेरीहिललाच आहेत.

या कहाणीत पेढ्यांची नावे आहेत, चित्रकारांची आहेत, नेपथ्यकारांची आहेत. ज्यांनी टाके घातले त्यांची नाहीत. फ्रेंचमध्ये या कारागीर बायकांना ‘छोटे हात’ म्हणतात. हे हात मुके नव्हते. मे 1917 मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, त्यांनीच पॅरिसच्या रस्त्यांवर उतरून संप केला आणि शनिवारची अर्धी सुटी पगारासह मिळवली. तरीही 1945 च्या श्रेयनामावलीत त्यांना जागा नाही. त्यांची सही शोधायची, तर ती कपड्याच्या उलट्या बाजूला सापडते. अस्तराखालच्या टाक्यात, काजाच्या कडेला. लेलाँ यांनी जर्मनांपुढे जो मुद्दा मांडला होता, त्याचा पुरावा शेवटी याच बायकांनी शिवून दिला.

आपल्याकडच्या चिंध्यांच्या बाहुल्या कोणत्याही पेढीने केलेल्या नाहीत. पण त्यांच्या चोळीतही तोच हिशेब आहे. कापड उरलेसुरले आणि हात शिकणारा, म्हणून ठिगळ कुठे बसवले, काठ कसा जुळवला, टाका कुठे वाकडा गेला, हे सगळे त्यात वाचता येते. मुलीच्या हाती पहिली सुई कोणी दिली आणि घरात कोणते कापड येत होते, हे सांगणारे दुसरे साधन क्वचितच सापडते. जुन्या ट्रंकेत अशी एखादी बाहुली निघाली, तर तिचे कपडे धुऊन-इस्त्री करून नवे करू नयेत. ते अलगद उलटे करून, आतली बाजू आधी पाहावी.