भारतातील इस्त्री अल्फारेटात मंद का तापते?

भारतात घरगुती वीज २३० व्होल्टने मिळते. अल्फारेटासह अमेरिकेत साधारण १२० व्होल्टने. मायदेशाहून आणलेली इस्त्री येथे पुरेशी तापत नाही, याचे कारण दोन सूत्रांत आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार व्होल्टेजला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो. व्होल्टेज व धारा यांचा गुणाकार म्हणजे विद्युतशक्ती.

२३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर धारा घेणाऱ्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम व शक्ती सुमारे १००० वॅट येते. रोध तोच धरल्यास १२० व्होल्टवर धारा २.३ अँपिअर आणि शक्ती अवघी २७० वॅट. व्होल्टेजबरोबर धाराही निम्म्यावर येते, म्हणून शक्ती जवळपास चतुर्थांश उरते.

उलट प्रवास मात्र धोक्याचा. १२० व्होल्टवर १२.५ अँपिअर घेणाऱ्या १५०० वॅटच्या अमेरिकी किटलीचा रोध ९.६ ओहम असतो. ती भारतात लावल्यास शक्ती ५५०० वॅटवर जाऊन किटली जळू शकते. केवळ पिन बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही. मिक्सरसारख्या मोटारीच्या उपकरणांना हा साधा हिशेब पुरत नाही. सामान बांधण्यापूर्वी उपकरणावर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापले आहे का, ते पाहावे.